रत्नसागरचे दोन र

कामोठे, सेक्टर २१
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. काशिरामकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

काका, फोन लावला की तुम्ही दोनदा हां-हां म्हणता आणि काकूच्या हातात देऊन मोकळे होता. निशाताई सांगत होती की कानातलं मशीन तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, त्यात नुसता वारा ऐकू येतो म्हणून. लेक एवढी शिक्षिका, पण तिचंही तुम्ही ऐकत नाही. तेव्हा आता पत्र. हे तरी वाऱ्याशिवाय पोचेल.

इकडे सगळे मजेत. देवेशची बंदरातली ड्यूटी या महिन्यात दिवसाची आहे. अनुष्का पहिलीत गेल्यापासून सकाळी सात ते दुपारी एक घरात मी एकटीच असते. म्हणून पनवेलला एक क्लास लावला. जुन्या बाजारात रेडियम आणि बॅनरचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर. कल्पेश सर म्हणून आहेत, दुकानही त्यांचंच. ते कोरल शिकवतात. म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, पण रंगाने नाही, रेषेने. हाताने काढलेल्या अक्षराचा फोटो खाली ठेवायचा आणि वरून माऊसने ठिपके देत देत ते गिरवायचं. दोन ठिपक्यांमधली रेष आपण ओढू तशी वाकते. एकदा अक्षर झालं की तिळाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, ते फाटत नाही.

ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी मी एका 'अ'ला चौऱ्याण्णव ठिपके दिले. सरांनी बघून विचारलं की हे अक्षर आहे की सुरवंट. वळणाला एकच ठिपका द्यायचा असतो म्हणे, बाकी रेषेवर सोडायचं.

आता कामाचं. बाकीची मुलं नेटवरची अक्षरं गिरवतात. मी सरांना सांगितलं की माझ्या काकांनी करंज्याच्या निम्म्या बोटींची नावं रंगवली आहेत, मी त्यांचीच गिरवणार. तर तुम्ही मला ड्रॉइंगच्या कागदावर सगळी वर्णमाला लिहून द्याल का? फक्त माझ्या सरावासाठी. बाहेर कुठे जाणार नाही.

काकूला नमस्कार. तुमच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
प्रांजल


करंजा, ता. उरण
२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजल हिला काशिरामकाकाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. सुरवंटाचं ऐकून ती एवढी हसली की चुलीवरचं कालवण करपलं. म्हणजे आमी त्या दिवशी तुझ्यामुळे करपलेलं जेवलो, हे ध्यानात ठेव.

सोबत अकरा कागद पाठवतो. नऊ दिवस लागले. चाळीस वर्षं फळीवर उभा राहून लिहिलं, आता टेबलाशी बसून लिहायला गेलो तर अक्षर लाजायला लागलं. पहिले सगळे कागद फाडले. मग दारामागे कागद चिकटवून उभ्यानेच लिहिलं, तेव्हा जमलं.

तुला काय काय सांगून ठेवतो. बोटीवरचं अक्षर जवळून वाचायचं नसतं. दुसऱ्या बोटीतल्या माणसाने हलत्या पाण्यावरून, डोळ्यात ऊन घेऊन ते वाचायचं असतं. म्हणून माझ्या अक्षराला पोट जास्त हाय. वरची रेघ जाड. आणि 'र'चा पाय मी बाहेर काढतो, मागे वळून बघणाऱ्या माणसासारखा. तो आत घेतला तर लांबून नुसती काठी दिसते. 'श्री'मध्ये तुला थोडी थरथर दिसेल. ती आता वयाची हाय. तुझ्या सरांना दाखवू नको.

तुझा बाप असता तर त्याने तुला वेड्यात काढलं असतं. तो म्हणायचा की काशा अक्षरं रंगवतो आणि मी मासे मारतो, दोघांत जेवण कोण आणतं ते बघा. पण पोरीने अक्षर धरलं म्हणून मनातून खूश झाला असता. मी तर झालोच.

शिक. घाई करू नको. माया आहेच, ती कागदावर मावत नाय एवढंच.
तुझा काका,
काशिराम


कामोठे
६ एप्रिल २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तुमची सगळी अक्षरं गिरवून झाली. 'क्ष'ने मला तीन दिवस रडवलं, पण शेवटी चौदा ठिपक्यांत बसवला. 'र' मात्र पहिल्या दिवशीच साधला. मागे वळून बघणारा माणूस म्हणालात ना, तसा विचार केला आणि रेष आपोआप वळली. 'श्री'ची थरथर घालवायला मला दोन ठिपके काढावे लागले. आता तो अगदी गुळगुळीत दिसतो. तेव्हा आनंद झाला होता. नंतर वाटलं, राहू द्यायला हवी होती.

एक बातमी. सरांनी मला एक तारखेपासून दुकानात कामाला घेतलं. अर्धा दिवसच, अनुष्काच्या शाळेच्या वेळेत. देवेशने पेढे आणले. दुकानात काय काय काम असतं ते भेटल्यावर सांगेन, पत्रात ते कंटाळवाणं होईल.

मे महिन्यात दोन दिवस येते. अनुष्काला धक्क्यावर यायचंय. काकूला सांगा, बोंबील वाळले की माझे बाजूला काढून ठेव.

आशीर्वादाचा हात काढून घेऊ नये.
तुमची,
प्रांजल


करंजा
१७ जुलै २०२५

चि. प्रांजलला अनेक आशीर्वाद.

पोरी, हे पत्र तुझ्यापुरतं ठेव. देवेशरावांना दाखवू नको, आणि निशाला, काकूला तर बिलकूल कळू देऊ नको.

दर्या बंद हाय, बोटी खाडीत नांगरावर हायत. आता नारळी पुनवेआधी रंग देण्याचे दिवस. गेल्या आठवड्यात मी धक्क्यावर उभा होतो. समोर बाळू नाखव्याची बोट. तिच्यावर नवीन नाव, 'रत्नसागर', निळ्यावर पिवळं. अक्षर माझं. तसला 'र' करंज्यात काय, अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा कोण काढत नाय. रेडियमची छापील अक्षरं मला मैलावरून कळतात, हे तसलं नव्हतं. माझाच हात. पण मी ते नाव कधी लिहिलं ते मला आठवत नाय.

बाळूला विचारायची लाज वाटली. स्वतः रंगवून वर विचारायचं की कोणी रंगवलं? घरी येऊन रंगाचे डबे बघितले तर पिवळा अर्धा संपलेला. तो मी कधी फोडला? काल पुन्हा गेलो, तर पलीकडे 'हरेश्वरी'. तेही माझंच. तेही आठवत नाय.

तुझी आजी सखूबाई शेवटी मला दूधवाला समजायची, तुला ठाऊक हाय. रोज सकाळी मला सांगायची की अर्धा लिटर जास्त दे, माझा काशा येणार हाय. तेव्हापासून मला एकच भीती, की आपलंही असंच सुरू होईल. ते झालं वाटतं.

मे महिन्यात तू इथे होतीस. बाळूच्या बोटीचं काम केलं किंवा करणार, असं मी काही बोललो होतो का? आठवून लिही. तू खोटं बोलायची नायस, म्हणून तुलाच विचारतो.

लवकर लिही. वाट बघतो.
काशिराम


कामोठे
२२ जुलै २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका. या वयात थोडंफार विसरायला होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मे महिन्यात तुम्ही बोटींचं काहीतरी बोलला होतात खरं, पण नक्की काय ते मला नीट आठवत नाही. वाटलं तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, म्हणजे मन स्वस्थ होईल.

अनुष्काची परीक्षा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. काळजी घ्यावी.
प्रांजल


करंजा
३० ऑगस्ट २०२५

प्रिय प्रांजल,
स. न.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर बोलले की आई शेजारी येऊन बसते आणि मला हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

बाबांचं काहीतरी बिनसलंय. जुलैपासून त्यांनी कुंचला हातात धरलेला नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी तीन नाखवे नाव रंगवायला बोलवायला आले, तिघांना परत पाठवलं. एकाला तर म्हणाले की तुझं नाव मी आधीच रंगवलं असेल, जाऊन बघ. तो हसला, त्याला वाटलं थट्टा करतायत. मग एके दिवशी सगळे कुंचले धुऊन फडक्यात बांधले आणि माझ्या शाळेत नेऊन पोरांना वाटले. मी विचारलं तर म्हणाले, आता माझा भरवसा नाय.

भिंतीवर कागद लावलाय. त्यावर रोज काय केलं ते लिहितात. सकाळी चहा घेतला. दाढी केली. धक्क्यावर गेलो नाही.

उरणला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, आकडे घालून. ज्या माणसाने आयुष्यभर आकडे रंगवले, बोटींचे नंबर डोळे मिटून लिहिले, त्यांनी बारा काढला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले की चुकला तर? डॉक्टर म्हणाले, निदान आत्ताच करता येत नाही, पण माणूस घाबरलेला आहे. पुढच्या महिन्यात मुंबईला तपासायला न्यायचंय.

तुझं पत्र आलं की ते थोडे खुलायचे. आता दीड महिना तू काही लिहिलं नाहीस. गणपतीतही आली नाहीस. तुझ्यावर रागावून नाही लिहीत, पण तू त्यांची लाडकी. एकदा ये ना.

तुझीच,
निशाताई


कामोठे
१० सप्टेंबर २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. नमस्कार.

नमस्कार लिहिला आहे, पण तो घ्यायलाच हवा असं नाही. आधी एक वाक्य वाचा, मग बाकीचं. काका, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. 'रत्नसागर' तुम्ही लिहिलं नाही. 'हरेश्वरी'ही नाही. ती दोन्ही नावं मी केली.

तुमचे अकरा कागद गिरवून मी जी अक्षरं केली, ती सरांना फार आवडली. मार्चमध्ये करंज्याहून बाळू नाखवा दुकानात आले होते. मी तुमची पुतणी हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. त्यांना छापील अक्षर नको होतं, काशिरामसारखं हवं होतं. पावसाळ्यात तुमच्याकडे नंबर लागत नाही आणि रेडियम एका दिवसात होतं, असं ते म्हणत होते. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी फाईल उघडली, तुमची अक्षरं शेजारी शेजारी मांडली, कापून दिली. त्याच संध्याकाळी सरांनी मला नोकरी दिली. पेढे त्याचे होते. 'हरेश्वरी' नंतर तसंच करून दिलं. बाहेर कुठे जाणार नाही असं मीच तुम्हाला लिहिलं होतं.

एवढंच असतं तर मे महिन्यात मी तुम्हाला सांगितलं असतं. सांगायलाच आले होते. पण तुम्ही अनुष्काचं बोट धरून तिला वाळूत 'अ' काढायला शिकवत होतात, आणि माझी जीभ उचलली नाही. मग तुमचं जुलैचं पत्र आलं. तू खोटं बोलायची नायस, असं तुम्ही लिहिलं होतं. ते मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. तीन दिवस उत्तर लिहीत होते. खरं लिहिलेली दोन पत्रं फाडली आणि तिसरं, ते खोटं, टाकलं. वयामुळे विसरायला होतं, असं मी तुम्हाला लिहिलं. तुम्हाला आजीची भीती वाटते हे माहीत असून लिहिलं. पिवळा डबा कोणी फोडला तेही मला माहीत होतं. मे महिन्यात अनुष्काला घेऊन आपण अंगणातली कुंडी रंगवली होती, तेव्हा तुम्हीच फोडला. तेवढं तरी मी सांगू शकत होते.

निशाताईचं पत्र आल्यावर रविवारी मी एस.टी.ने करंज्याला आले होते. तुम्ही धक्क्यावर पाठमोरे बसला होतात. तुम्हाला सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार, आणि ही गोष्ट ओरडून सांगायचं धाडस मला झालं नाही. पंधरा पावलांवरून परत फिरले. म्हणून पत्र.

सरांना मी सगळं सांगितलं. ते ओशाळले, त्यांनी दुकानातली फाईल माझ्यासमोर काढून टाकली. पण ती आधीच आणखी दोन दुकानांना गेली होती, आणि तिथून कुठे गेली ते कोणालाच सांगता येत नाही. परवा पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर एका मंडळाच्या बॅनरवर तुमचा 'श्री' दिसला, थरथर काढलेला. मी तिथे रिक्षाच्या रांगेत उभी होते. तो परत आणायचा कसा ते मला येत नाही. नोकरी सोडली आहे. त्याने काही भरून निघत नाही, हेही मला कळतं.

मुंबईला तपासायला जायच्या आधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून निशाताईच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते. तिलाही ते वाचू द्या. तुम्ही सांगाल तेव्हा आणि सांगाल त्याच्यासमोर मी येऊन हे तोंडाने सांगेन.

काही मागायचा हक्क उरला नाही, म्हणून मागत नाही.
प्रांजल


करंजा
१२ ऑक्टोबर २०२५

चि. प्रांजल,

आशीर्वाद. तो रागातही देतोच, माणूस घरचं हाय म्हणून.

तुझं पत्र निशाने शाळेतून आणून दिलं. तीनदा वाचलं. मग धक्क्यावर गेलो आणि एका टोकापासून सगळ्या बोटी मोजल्या. कोणाचं नाव कोणत्या साली लिहिलं, कोणता रंग, फळी कोणी धरली, सगळं मनात म्हणत गेलो. सगळं आठवलं. घरी आलो आणि जुलैपासून मनात काय होतं ते तुझ्या काकूला सांगितलं. ती रडली, मीही रडलो. निशाने भिंतीवरचा कागद काढला. तिने तुला तीन आठवडे फोन केला नाय, ते मी सांगितलं म्हणून नाय. तिचा राग तिचा हाय.

मुंबईला गेलो नाय. उरणच्याच डॉक्टरांना म्हटलं की आता कागद द्या. बारा आकडे काढले, काटेही काढले. त्यांनी ते चित्र ठेवून घेतलं.

मग बाळूच्या होडक्यातून रत्नसागरपाशी गेलो. नख घातलं तर अक्षराचा कोपरा उचलला गेला. प्लास्टिक. आणि जवळून बघतो तर नावात दोन 'र', दोन्ही केसाचाही फरक नाय असे. माझ्या हातातून एकसारखे दोन 'र' जन्मात निघाले नसते. हे मला धक्क्यावरूनही कळायला हवं होतं. भीतीने बघितलंच नाय नीट. तेवढी चूक माझी.

बाळूला मी सगळं सांगितलं. तो खाली मान घालून म्हणाला की आता खरवडतो. मी नको म्हटलं, यंदाच्या मोसमात राहू दे. त्या नावाने त्याने दर्यात जाळं टाकलंय, मधेच बोटीचं नाव पुसू नये.

आता तुझं. अक्षरं घेतलीस त्याचा राग आठ दिवसांत गेला. विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं, कदाचित बढाईही मारली असती. ज्यांच्याकडे गेली त्यांच्याकडे राहू देत. पण बावीस जुलैचं तुझं पत्र मी उशाशी ठेवत होतो. रोज वाचायचो. प्रांजल म्हणते की वयाने होतं, म्हणजे खरंच झालं असणार, असं म्हणून मी कुंचले वाटून टाकले. माझ्या डोळ्यांपेक्षा मी तुझ्या अक्षरावर भरवसा ठेवला. ते मला अजून गिळता येत नाय. खोटं लिहून ठेवणार नाय, की माफ केलं. नाय केलं.

कुंचले पोरांनी परत आणून दिले, दोन हरवले. तीन महिन्यांत हाताची सवय मोडलीय. मागच्या दारावर लिहून बघितलं, 'ह' कोसळला. दुसऱ्या दिवशी जरा उभा राहिला. प्रितेशची नवीन बोट उतरतेय, पोर जिद्दीचं, म्हणतो की काका वाकडं लिहिलंत तरी चालेल पण तुमीच लिहा. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, ओहोटीला सुरू करतो. वरच्या रेघेसाठी खडूची दोरी लागते. एक टोक मी धरेन, दुसरं धरायला माणूस पाहिजे. निशाला शाळेचं काम हाय.

तू ये. सकाळी सातला धक्क्यावर. बाळू असेल, बाकीचे नाखवेही असतील, त्यांना काय सांगायचं ते तू तुझ्या तोंडाने सांग. माझ्याशी त्या दिवशी बोललीस तरी मला ऐकू येणार नाय, तेव्हा उगाच कष्ट घेऊ नको. दोरी ताठ धर.

माया हाय. बाकीचं मागाहून.
तुझा काका,
काशिराम